बेथेलची रात्र
मराठी ख्रिस्ती उपासनेतील उजेड आणि काळोख

आमच्या घरी दिवाळीत पणती लागत नसे. जालन्याच्या ज्या गल्लीत माझे लहानपण गेले तिथे वसुबारसेपासून प्रत्येक ओट्यावर दिव्यांच्या ओळी असत, आणि मधोमध आमचा ओटा दात पडल्यासारखा काळा. शेजारून फराळाचे ताट येई. आजी ते आनंदाने घेई, रिकामे ताट परत पाठवायचे नाही म्हणून त्यात मूठभर साखर घाली आणि ओट्यावर बसून इतरांचे दिवे बघत राही. मी एकदा विचारले, "आजी, आपल्याकडं दिवे का नाहीत?" ती म्हणाली, "आपली रात यायची हाय अजून."

ती रात्र 24 डिसेंबरची. त्या संध्याकाळी आजी माळ्यावरून पणत्या काढी, वाती वळी, करडईचे तेल घाली आणि ओटा भरून टाकी. मला कितीतरी वर्षे वाटे की दिवाळी सगळ्यांकडे येते, आमच्याकडे फक्त दीड-दोन महिने उशिरा पोचते. पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा कळले की त्या पणत्यांना आमच्या ओट्यावर यायला दीड-दोन महिने नव्हे, पुष्कळ दशके लागली होती. त्या प्रवासाचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

मिशनरी साहित्य ज्याने थोडेसेही चाळले असेल त्याला एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. उजेड आणि अंधार हे दोन शब्द तिथे पानोपानी येतात, आणि त्यांची वाटणी आधीच होऊन गेलेली असते. उजेड आमच्याकडे, अंधार तुमच्याकडे. आमचे पूर्वज त्या हिशेबात 'अंधारातले लोक'. मी त्याच लोकांचा नातू आहे, आणि त्यांनी जो धर्म स्वीकारला त्याच धर्माचा आहे. त्यामुळे या वाटणीकडे मला तटस्थपणे बघता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र कागदावरच्या उजेड-अंधाराकडून मंडळी प्रत्यक्ष उपासना कशी करत होती तिकडे नजर वळवली की चित्र बदलते. उपासनेत उजेडाचे आणि काळोखाचे जे झाले ते अहवालात लिहिलेल्यापेक्षा फार वेगळे होते.

सुरुवात बेथेलपासून करावी लागेल. जालना शहराजवळचे हे गाव. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवले आणि त्यासाठी जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण पहिले सर सालारजंग यांच्याकडून. म्हणजे मुसलमान राज्यात, मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, जन्माने ब्राह्मण असलेल्या एका मराठी पाळकाने, बहुतांशी मातंग कुटुंबांसाठी उभे केलेले ख्रिस्ती गाव. मराठवाड्याच्या इतिहासात अशी सरमिसळ नवीन नाही, तरीही हे वाक्य लिहिताना थांबून पुन्हा वाचावेसे वाटते.

नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1843 साली रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून त्याच वर्षी मुंबईत केवढे मोठे वादळ उठले ते मराठी वाचकाला माहीत असते, कारण त्यात बाळशास्त्री जांभेकर होते. श्रीपत अजाण वयाचा, म्हणून सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मग प्रश्न उभा राहिला की मिशनरींच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही. जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. श्रीपत ही आपल्याकडच्या सामाजिक इतिहासाची एक पायरी झाला. थोरला भाऊ मात्र त्या पुस्तकांतून एका वाक्यात निघून जातो. तो पुढे जालन्याला आला, हे फारसे कोणी लिहीत नाही.

गावाला 'बेथेल' हे नाव ठेवण्यामागे नारायणरावांच्या मनात काय होते, त्याचा तर्क बायबलमधल्या मूळ कथेवरूनच करावा लागतो. ती कथा रात्रीची आहे. याकोब भावाला फसवून घरातून पळालेला. वाटेत सूर्य मावळतो. मुक्कामाला गाव नाही, छप्पर नाही; एक दगड उशाला घेऊन तो उघड्यावर झोपतो. झोपेत त्याला पृथ्वीवरून आकाशाला टेकलेली शिडी दिसते, तिच्यावरून देवदूत चढत-उतरत असतात. तो दचकून जागा होतो आणि म्हणतो की देव इथे होता आणि मला ठाऊक नव्हते. पहाटे तो उशाचा दगड उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला 'बेथेल' म्हणजे देवाचे घर असे नाव देतो.

आता ही गोष्ट जालन्याच्या शिवारात, गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांसमोर सांगून बघा. घर सोडून आलेला माणूस, मुक्कामाला जागा नाही, उशाला दगड. यातले काय त्यांना समजावून सांगावे लागले असेल? आणि तो तेल ओतलेला दगड! शेंदराच्या दगडाला तेल घालतात म्हणून ज्यांना बोल लावले जात होते त्यांच्याच हातात दिलेल्या ग्रंथात, अगदी पहिल्याच पुस्तकात, एक पूर्वज दगडाला तेल घालतो आहे. शिकवणाऱ्यांच्या हे लक्षात आले असेल का, मला नेहमी कुतूहल वाटते. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले असणार, याविषयी मला शंका नाही. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे की बेथेल या नावात अंधार हा देवाचा शत्रू नाही. देव भेटला तो रात्री.

ज्या काळात नारायणराव वाढले त्या काळात मराठीत उजेड हा छापखान्याचा शब्द झाला होता. नियतकालिकांची नावेच पाहा. 1841 चा 'प्रभाकर', 1842 चा 'ज्ञानोदय', 1849 चा 'ज्ञानप्रकाश'. पैकी 'ज्ञानोदय' अमेरिकन मराठी मिशनचा. 'प्रभाकर' काढणारे भाऊ महाजन मिशनरींचे विरोधक. भांडण कडाक्याचे, पण दोन्हीकडे उपमा एकच, उगवत्या सूर्याची. बाबा पदमनजींनी 1888 मध्ये आत्मचरित्र लिहिले त्यालाही नाव दिले 'अरुणोदय'. वाचता येणे म्हणजे उजाडणे, हे त्या शतकाने इतके गृहीत धरले होते की त्यात कुणाला उपमा दिसेनाशी झाली.

या छापील उजेडात आमच्या लोकांचा आवाज एकदा फार स्पष्ट उमटला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न होता आणि तो तिने थेट देवाला विचारला होता. मिशनच्या पत्राने तो छापला. त्यांना त्यात हिंदू समाजाचा अंधार दिसला असेल. मला मात्र त्यात असे दिसते की अंधारात कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलीने स्वतःकडे घेतला.

आता उपासनेकडे वळू. जालन्याला आलेले मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. हे चर्च स्वतंत्र झाले ते 1843 मध्येच, नारायणरावांच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी. आणि या चर्चची उपासना म्हणजे, आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, जवळजवळ दिव्याशिवायची. स्कॉटलंडच्या धर्मसुधारकांनी वेदीवरच्या मेणबत्त्या, मूर्ती, चित्रे, रंगीत काचा सगळे मंदिरातून काढून टाकले होते. नाताळसुद्धा काढला होता. 1640 मध्ये तिथल्या पार्लमेंटने नाताळाची सुट्टी रद्द केली आणि 25 डिसेंबर हा स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट 1958 साली! वाद्येही नाहीत, फ्री चर्चच्या महासभेने वाद्यसंगीताला परवानगी दिली ती 1883 मध्ये. उरले काय? स्तोत्रे, प्रार्थना आणि प्रवचन. भिंती पांढऱ्या, खिडक्यांना साध्या काचा, त्यातून येईल तेवढा दिवसाचा उजेड. बाकी प्रकाश सगळा शब्दांत.

मला या साधेपणाचा आदर आहे. ज्या समाजाला गाभाऱ्यातली आरती कायम बाहेरून, लांबून, माणसांच्या पाठींआडून ऐकावी लागली, त्याला गाभाराच नसलेले देऊळ मिळाले ही लहान गोष्ट नव्हती. तिथे कुणी पुढे, कुणी मागे नव्हते. पण याच समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती, सनई होती. गावच्या देवाची पालखी यांच्या वाजवण्याशिवाय हलत नसे, आणि ती देवळात गेली की वाजवणारे पायरीखाली थांबत. अशा माणसांना वाद्याशिवाय आणि दिव्याशिवाय देवाचे घर दिले. जातीचा उंबरठा गेला, हे खरे. पण हात मोकळेच राहिले.

इथे एक भूगोलाची गोष्ट सांगायला हवी, जी धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सहसा नसते. उत्तर युरोपात डिसेंबरचा सूर्य दुपारी साडेतीन-चारला मावळतो. तिथे उजेड म्हणजे ऊब, उजेड म्हणजे जगणे. नाताळ त्या लांबच लांब रात्रींच्या पोटात ठेवलेला सण आहे. जालन्यात उजेड इतका सरळ चांगला नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर उन्हात उभे राहवत नाही. आमच्याकडे 1876-78 चा दुष्काळ झाला, 1899-1900 चा झाला, 1972 चा माझ्या आठवणीतला आहे. आणि दुष्काळ म्हणजे काय तर महिनोन्‌महिने निरभ्र, लखलखीत आकाश. मजुरी करणाऱ्याला सावली हीच कृपा, आणि रात्र हाच त्याच्या मालकीचा वेळ. दिवस मालकाचा असतो.

गंमत अशी की बायबल हा ग्रंथ लिहिला गेला तो एडिंबराच्या हवेत नव्हे. तो ज्या मुलखातला आहे तो उन्हाने जालन्याच्या जवळचा. त्यातल्या स्तोत्रांत देवाला प्रकाश म्हटले आहे, तसेच सावलीही म्हटले आहे. दिवसा सूर्य तुला बाधणार नाही असे आश्वासन दिले आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांत हे स्तोत्र गाणाऱ्याला सूर्य बाधेल कसा, हे कल्पनेनेच समजून घ्यावे लागत असेल. आमच्याकडे खुरपणीला जाणाऱ्या बाईला ते समजावण्याची गरज नव्हती. आणखी एक. उत्पत्तीच्या पुस्तकात देव उजेड निर्माण करतो, पण अंधार नाहीसा करत नाही. त्याला वेगळा करतो आणि 'रात्र' असे नाव देतो. दिवसाची मोजणीही तिथे संध्याकाळपासून सुरू होते, मागून सकाळ येते. आजीला हे धर्मशास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण 'आपली रात' हा तिचा शब्द त्या मोजणीत बरोबर बसतो.

मराठी ख्रिस्ती उपासनेत दिवा आला तो या रात्रीच्या दाराने, आणि त्याला घेऊन आले कीर्तन.

याला जुनी नजीर होती, जरी ती दूर गोव्यातली आणि वेगळ्या पंथाची असली तरी. साष्टी प्रांतातल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणे काढून घेतली गेल्यावर त्यांना ऐकायला काही उरले नव्हते, तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या. गोष्ट नवी, चाल जुनी, आणि चालीबरोबर ऐकण्याची जुनी वेळही परत आली. प्रॉटेस्टंट मिशनांना हे शहाणपण यायला अडीचशे वर्षे लागली. 1860 नंतर अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. कृष्णराव रत्नाजी सांगळे (1834-1908) हे त्यातले मोठे नाव. कीर्तनकारही आणि पदे रचणारेही. 'उपासना-संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात त्यांची पदे आजही आहेत, आणि आमच्या जालन्याकडे ती नगरकडच्या इतकीच तोंडपाठ आहेत. मिशने वेगळी होती, पण माणसे सोयरिकीने आणि कामाच्या शोधात इकडून तिकडे जात होती, आणि पद कुठल्या मिशनचे हे पद गाणारा विचारत नाही.

कीर्तनात काय होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. तरी उजेडाच्या अंगाने त्याच्याकडे पुन्हा पाहावे. दिवसभराचे काम, भाकरी, मग माणसे जमतात. मध्ये एक कंदील, पुढे गॅसबत्ती आली. उजेड फक्त कीर्तनकाराच्या तोंडावर आणि झांजा वाजवणाऱ्याच्या हातांवर. बाकी सगळा श्रोता अंधारात बसलेला. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान: योसेफाला भावांनी विहिरीत टाकले ते, दानिएल सिंहांच्या गुहेत रात्रभर राहिला ते, उधळ्या पुत्राचे. अंधारात बसलेल्या माणसाला रडायला संकोच वाटत नाही. दिवसा, पांढऱ्या भिंतींच्या मंदिरात, बाकावर ताठ बसून प्रवचन ऐकताना तो कोण आहे हे सगळ्यांना दिसते. कीर्तनात दिसत नाही. मिशनच्या अहवालात अंधार ही लोकांची अवस्था होती. कीर्तनात तो लोकांचा आडोसा झाला.

हे सगळे ज्या कवीच्या हातून पूर्णत्वाला गेले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919). 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे घर आणि संसार लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त असा लिहिला आहे की त्यावर आणखी काही लिहिणे धाडसाचे. मला इथे टिळकांच्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. त्यांच्या भक्तिगीतांच्या एका संग्रहाचे नाव 'भक्ति-निरंजन'. निरंजन म्हणजे ज्याला काजळी लागलेली नाही तो, म्हणजे देव. पण मराठी कानाला त्यात लगेच निरांजन ऐकू येते, तूप-वातीचे, ताम्हनातले. एका कान्याचा फरक. ज्या मिशनांनी आरती सोडायला लावली त्यांच्या गीतपुस्तकांत टिळकांची गाणी गेली, आणि त्यांच्यामागून निरांजनही, धातूचे नाही तरी नादाचे, आत गेले.

टिळकांच्या अभंगांत अंधार येतो तेव्हा तो शेजाऱ्याच्या धर्मात नसतो. तो गाणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असतो, अहंकारात असतो. हा संतांचा अंधार आहे, मिशनरी अहवालातला नव्हे. टिळक स्वतःच सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. मला वाटते, मराठी ख्रिस्ती माणसावर त्यांचे सर्वांत मोठे ऋण हेच. आपल्या आईबापांना अंधारातले म्हटल्याशिवाय त्याला उजेडाचे गाणे गाता येऊ लागले.

टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे तो पुण्याला स्थिरावला. जमिनीवर बैठक, खादी, भारतीय वळणाची उपासना. हे प्रयोग शहरी आणि थोड्यांचे होते, आणि त्यात काहीसा हौसेचा भागही होता असे माझे मत आहे. जो समाज नुकताच जमिनीवरून बाकावर बसला होता त्याला पुन्हा चटईवर बसण्यात अध्यात्म दिसेनासे झाले तर नवल नाही. हा आक्षेप आजही मंडळ्यांमधून ऐकू येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

रोमन कॅथलिक परंपरेत दिवे कधीच गेले नव्हते, पण तिथेही एक विचित्र गोष्ट घडली होती. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीचा जागर, ज्यात काळोख्या मंदिरात एक मोठी मेणबत्ती पेटवून आणतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लावतात, तो शतकानुशतके मागे सरकत सरकत शनिवारी सकाळी होऊ लागला होता. म्हणजे भर उजेडात मेणबत्ती पेटवून 'अंधारात प्रकाश' म्हणायचे! 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी तो विधी पुन्हा रात्री करण्याची मोकळीक दिली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये, भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. त्यात जमिनीवर बसणे होते, हात जोडून नमस्कार होता, आरती होती आणि मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा होता. आज मराठी चर्चांत कार्यक्रमाच्या आरंभी समई लावतात तेव्हा त्यामागे एवढा पत्रव्यवहार झालेला आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आमची मंडळी या पत्रव्यवहारात नव्हती. ती 1924 पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. पण या एकत्रीकरणात अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन एका छपराखाली आले, आणि स्कॉटिश पाळकांनी कधी न पाळलेले सण आमच्याकडे सर्रास पाळले जाऊ लागले. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना ही त्यातली एक. तिची सुरुवात सतराव्या शतकात दूर पेरू देशातल्या लिमा शहरात एका जेझुइटाने केली असे मानतात. ती जालन्यात पोचली आणि तिचा अर्थ आणखी गडद झाला. दुपारी बारा ते तीन, एप्रिलचे ऊन, खिडक्या लावलेल्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. शास्त्रात लिहिले आहे की त्या तीन तासांत देशभर अंधार पडला. बाहेर ऊन डोळे दिपवत असते आणि आत आम्ही मुद्दाम केलेल्या काळोखात बसून वधस्तंभावरची सात वचने ऐकत असतो. तिसऱ्या दिवशी पहाटे कंदील घेऊन कबरस्तानात. ही चालही परदेशी, जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरेव्हियन तरुणांनी 1732 मध्ये सुरू केलेली. पण कबरींवर दिवा ठेवून, आजा-पणजांच्या दगडांमध्ये उभे राहून सूर्य उगवायची वाट पाहणे आम्हाला कुणी परदेशी म्हणून शिकवले नाही.

एक प्रसंग सांगतो. तो कागदोपत्री कुठे नाही, माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. भारनियमनाची ती वर्षे. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना मराठवाड्यातल्या एका लहान मंडळीत चालली होती. नव्या पद्धतीने बसवलेला कार्यक्रम. तरुण मुलांनी मेहनत घेतली होती, रंगीत दिवे, ध्वनिक्षेपक, गाण्यांच्या छापील प्रती. दुसऱ्याच गीताच्या मध्यावर वीज गेली. काळोख असा की हातातला कागद दिसेना. गाणे बंद पडले. ज्यांना वाचता येत होते ते सगळे गप्प झाले, मीही त्यात.

मग मागच्या बाजूने, जिथे म्हाताऱ्या बायका जमिनीवर बसल्या होत्या, तिथून सूर आला. सांगळ्यांचे एक जुने पद. त्या बायकांपैकी कुणालाच अक्षरओळख नव्हती. पहिले कडवे, दुसरे, तिसरे. एक अक्षर इकडचे तिकडे नाही. कुणीतरी टाळी धरली. पाळकसाहेब पुढे उभे होते, तेही मागे तोंड करून त्यांच्याबरोबर गाऊ लागले. म्हणजे अंधारात मंदिराची दिशाच फिरली. जे मागे बसत ते पुढे झाले. मेणबत्त्या सापडून लागेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली असतील. त्या काळात त्या बायकांनी चार पदे म्हटली. छापखान्याच्या उजेडाविषयी मी वर जे लिहिले त्याची दुसरी बाजू मला त्या रात्री दिसली. अक्षराने आमच्या घराला फार काही दिले, मी स्वतः त्याचा पुरावा आहे. पण अक्षराला दिवा लागतो. पाठांतराला लागत नाही.

वीज आली तेव्हा तरुणांनी हायसे वाटून पुन्हा ध्वनिक्षेपक सुरू केला, आणि बायका पुन्हा गप्प झाल्या.

त्या रात्री मेणबत्त्या लागल्या तेव्हा एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ज्योत मागेपर्यंत गेली. हे आता सगळीकडे करतात, त्यात नवे काही नाही. मला मात्र माझे आजोबा आठवले. लग्नसराईत ते वरातीपुढे डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालत. बत्तीची धग टाळूला लागू नये म्हणून खाली चुंबळ, आणि तरीही मानेवर घामोळ्यांचे चट्टे. नवरा घोड्यावर, पाहुणे नाचताहेत, उजेड सगळ्यांवर पडतो आहे; बत्ती ज्याच्या डोक्यावर त्याच्या तोंडावर मात्र तिच्या बुडाची सावली. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांनी दुसऱ्यांच्या आनंदावर असा उजेड धरला. नाताळच्या रात्री आजोबा आजीच्या पणत्यांपैकी एक उचलून तळहातावर घेत आणि काही न बोलता ओट्याच्या टोकाला बसत. तेल संपेपर्यंत बसत. ते प्रार्थना करत होते की नुसते बघत होते, मी कधी विचारले नाही.

आजी गेल्यावर पणत्यांचे काम माझ्या आईकडे आणि आता आमच्या घरात सगळ्यांकडे आले आहे. गल्लीत मातीच्या पणत्या विकणारा माणूस दिवाळीपुरताच येतो, डिसेंबरात मिळत नाहीत. म्हणून धनत्रयोदशीला त्याच्याकडून दोन डझन पणत्या घेतो. त्यातल्या चार त्याच संध्याकाळी ओट्यावर लावतो, शेजारचा ओटा उजळलेला असताना आपला अंधारात ठेवणे आता बरे वाटत नाही. उरलेल्या वीस वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवतो.